चार्नॉकच्या मुलींची आई

कोलकात्याच्या लालदिघीपासून थोड्याच अंतरावर सेंट जॉन्सचे जुने चर्च आहे. चर्चची इमारत १७८७ मधली. परंतु तिच्या आवाराच्या एका कोपऱ्यात त्याहूनही सुमारे नव्वद वर्षे जुनी अशी एक अष्टकोनी घुमटी उभी आहे. तिची घडण ख्रिस्ती थडग्यापेक्षा एखाद्या मोगली कबरीच्याच अधिक जवळची. आत काळ्या दगडाची एक शिळा आहे आणि तीवर लॅटिन भाषेत कोरलेला लेख आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधील प्रमुख जॉब चार्नॉक याचे हे स्मारक. ते त्याचा जावई चार्ल्स आयर याने बांधविले.

ज्यांचे पूर्वज व्यापारासाठी वा नोकरीसाठी हिंदुस्थानात आले आणि इथल्याच मातीत मिसळले, अशा युरोपीय घराण्यांचा इतिहास शोधणाऱ्यास जी जी संकटे येतात, ती सगळी या एका शिळेभोवती एकत्र आलेली आहेत. थडगे एक सांगते, मृत्युपत्र दुसरे सांगते, चर्चची नोंदवही तिसरे सांगते, वैऱ्याची रोजनिशी चौथे सांगते आणि खलाशाने लिहिलेली गोष्ट पाचवे. यांतील एकही कागद बनावट नाही. तरीही त्यांचा मेळ बसत नाही. आणि या साऱ्या कागदांच्या मधोमध एक बाई आहे, जिचे नाव त्यांपैकी कोणीही लिहून ठेवलेले नाही.

प्रथम शिळेचेच पाहू. चार्नॉक परमुलखात दीर्घकाळ वाटसरूसारखा राहून आपल्या चिरंतन घरी परतला, अशा अर्थाची वाक्ये तीवर आहेत आणि मृत्यूची तारीख आहे १० जानेवारी १६९२. इतिहासाची पुस्तके मात्र त्याचा मृत्यू १६९३ मध्ये झाला असे सांगतात. दगडावर कोरलेले खोटे कसे म्हणावे, असा प्रश्न कोणासही पडेल. पण येथे दगडही खरा आणि पुस्तकेही खरी. इंग्रजांचे वर्ष त्या काळी २५ मार्चला सुरू होत असे. १७५२ पासून ते १ जानेवारीला सुरू होऊ लागले. तेव्हा त्यांच्या जुन्या हिशेबाने जो जानेवारी १६९२ चा, तो आजच्या हिशेबाने १६९३ चा. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटू नये. शिवछत्रपतींचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा. शकात सरसकट ७८ मिळविणाऱ्यास १६२९ हे साल मिळते, आणि फाल्गुन महिना पुढील इसवी सनात पडतो हे ज्याला ठाऊक, तो १६३० लिहितो. चार्नॉकच्याच शिळेवर त्याच्या थोरल्या मुलीच्या मृत्यूची तारीखही आहे, आणि तेथे कोरणाऱ्याने १६९६-७ असे दुहेरी साल घातले आहे. बापाच्या वेळी जी दक्षता घेतली नाही, ती मुलीच्या वेळी घेतली. वंशावळी जुळविणाऱ्या किती जणांनी अशा एका वर्षाच्या फरकामुळे एका माणसाची दोन माणसे केली असतील, याची गणती नाही.

चार्नॉकचे मूळ घराणे कोणते, याविषयीही बराच काळ अंदाजच चालले. त्याचे कूळ लँकशायर परगण्यातले आणि तो लंडनच्या रिचर्ड चार्नॉकचा मुलगा, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. स्टीफन चार्नॉक नावाचा एक नामांकित प्युरिटन धर्मोपदेशक सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेला. तो बहुधा याचाच थोरला भाऊ. हे खरे असेल तर नियतीचा हा एक चमत्कारिकच खेळ म्हणावा लागेल. एक भाऊ लंडनमध्ये ईश्वराच्या गुणांवर प्रवचने करीत होता आणि दुसऱ्यावर बंगालमध्ये, तो मूर्तिपूजक बनला, असा आरोप होत होता.

जॉब हिंदुस्थानात आला तो १६५५ च्या आसपास. प्रारंभी कासिमबाजारच्या वखारीत तो सालीना वीस पौंड पगारावर कनिष्ठ नोकर होता. तेथून तो पाटण्याकडे गेला आणि जवळजवळ वीस वर्षे तिकडेच राहिला. युरोपात त्या वेळी बंदुकीच्या दारूसाठी सोऱ्याला मोठी मागणी होती आणि उत्तम सोरा बिहारमध्ये होई. तो विकत घेऊन गंगेच्या प्रवाहातून खाली पाठविणे, हे त्याचे काम. इतकी वर्षे एका ठिकाणी काढणारा कंपनीचा नोकर त्या काळी विरळा. लंडनचे संचालक त्याच्यावर विश्वास ठेवीत. त्याचे बरोबरीचे आणि वरिष्ठ मात्र त्याच्याशी क्वचितच गोडीने वागले. पुढे तो कासिमबाजारचा आणि मग बंगालचा मुख्य झाला, मोगल सुभेदाराशी लढला, हुगळी सोडून सुतानुटीस उतरला, हिजलीच्या दलदलीत तापाने मरणारी माणसे पाहत राहिला, मद्रासला जाऊन बसला आणि अखेर २४ ऑगस्ट १६९० रोजी भर पावसात पुन्हा सुतानुटीस आला. हा सगळा भाग सुप्रसिद्ध आहे. त्याच्या घरात काय होते, हे मात्र तितके उघड नाही.

सर्वांत लोकप्रिय कथा अलेक्झांडर हॅमिल्टन या स्कॉटिश नाविकाची. त्याचे प्रवासवर्णन १७२७ मध्ये प्रसिद्ध झाले. मोगलांशी युद्ध होण्यापूर्वी चार्नॉक एकदा आपले शिपाई घेऊन सती जाणारी विधवा पाहावयास गेला. तिचे रूप पाहून तो मोहित झाला. शिपायांकरवी त्याने तिला चितेवरून उचलून घरी आणले. दोघे पुष्कळ वर्षे सुखाने नांदली आणि त्यांना मुले झाली. इथपर्यंत ठीक. पुढे हॅमिल्टन म्हणतो की, कोलकात्यास वसाहत झाल्यावर ती वारली. तिला ख्रिस्ती करण्याऐवजी तिनेच याला आपल्या धर्मात ओढले होते. आणि ती गेल्यानंतर जन्मभर तो दर वर्षी तिच्या थडग्यावर कोंबडा बळी देत असे. ही गोष्ट कोलकात्यातील ख्रिस्ती आणि हिंदू अशा दोघांकडूनही आपण ऐकली, अशी ग्वाहीही तो देतो.

कथा रंगतदार आहे आणि म्हणूनच ती टिकली. पण तिच्यातील काळ जरा मोजून पाहावा. कोलकात्याची कायमची वसाहत ऑगस्ट १६९० ची. चार्नॉकचा मृत्यू जानेवारी १६९३ चा. बाई या अवधीत वारली असेल, तर तिची पुण्यतिथी चार्नॉकच्या हयातीत फार तर दोनदा आली. ‘जन्मभर दर वर्षी’ या शब्दांत आणि दोन कोंबड्यांत बरेच अंतर आहे. शिवाय ज्या घराण्यात स्त्रिया सती जात, त्या घराण्याच्या चालीरीतींत कोंबड्याचा बळी बसत नाही. बिहारमध्ये पाच पीरांच्या पूजेत कोंबडा देण्याची चाल होती, ती कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींत. काही अभ्यासकांनी या बळीचा संबंध तिच्याशी जोडला आहे. तो जोड बरोबर असेल तर कोंबडा खरा आणि चिता खोटी ठरण्याचाच संभव अधिक. दोन्ही एकदम खरी मानणे कठीण जाते.

हॅमिल्टनने लिहिले ते ऐकीव, आणि चार्नॉकच्या मृत्यूनंतर तीस वर्षांहून अधिक काळाने. दुसरा साक्षीदार मात्र समकालीन आहे. विल्यम हेजेस हा १६८२ मध्ये बंगालचा मुख्य म्हणून हुगळीस आला. त्याची रोजनिशी सर हेन्री यूल यांनी संपादित करून १८८७ पासून तीन खंडांत छापली. तीत १ डिसेंबर १६८२ ची एक नोंद आहे. हुगळी व कासिमबाजारचा अंमलदार बालचंद याने पाठविलेला एक हिंदू मनुष्य तक्रार घेऊन येतो की, चार्नॉकने आपल्या नात्यातील एक बाई एकोणीस वर्षांपासून घरात ठेवली आहे. हेजेस पुढे असेही टिपतो की, चार्नॉक पाटण्यास असताना हेच प्रकरण नबाबापर्यंत गेले होते. बाईचा नवरा जिवंत होता किंवा नुकताच वारला होता. ती त्याचा पैसा आणि दागिने घेऊन पळाली होती. नबाबाने बारा शिपाई धाडले. चार्नॉक निसटला, किंवा त्याने शिपायांची मूठ दाबली. मग त्याच्या वकिलास दोन महिने कैदेत ठेवले आणि शिपाई वखारीच्या दारात बसून राहिले. शेवटी तीन हजार रुपये रोख, सकलादीची पाच ठाणे आणि काही तलवारीची पाती देऊन प्रकरण मिटविण्यात आले.

येथे चिता नाही, सती नाही, शिपायांनी केलेली सुटका नाही. उलट शिपाई आहेत ते नबाबाचे, आणि आले आहेत ते चार्नॉकला धरण्यासाठी. बाई येथे कोणी उचलून नेण्याची वस्तू नाही. ती आपल्या पायांनी घराबाहेर पडलेली आहे. आकडे, वस्तू, माणसे, महिने यांचा तपशील इतका नेमका आहे की, या नोंदीत काही तथ्य असावे असे मानणेच योग्य. तथापि हेजेस हा चार्नॉकचा मित्र नव्हता. दोघांत उघड वितुष्ट होते, आणि १६८४ मध्ये हेजेसला त्या जागेवरून काढण्यात आले. ज्याला आपल्या हाताखालच्या माणसाविरुद्ध पुरावा गोळा करावयाचा आहे, त्याच्या दारात तक्रारदार येतात आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपले जातात. असे नेहमीच घडत आले आहे. चोरीचा आळ खरा होता की पळालेल्या बाईवर घरची माणसे घेतात तसा तो आळ होता, हे हेजेस विचारीत नाही.

एवढे मात्र या नोंदीवरून निघते की, १६६३ च्या सुमारास, म्हणजे चार्नॉक ऐन उमेदीत पाटण्यास असताना, ती त्याच्या घरी आली आणि निदान एकोणीस वर्षे तेथे होती. जो प्रकार बखेडा म्हणून लिहिला गेला, तो वस्तुतः एक संसार होता. कंपनीच्या कित्येक नोकरांचे लग्नाचे संसारही इतके टिकले नाहीत.

तिसरा कागद मद्रासचा. सेंट जॉर्ज किल्ल्यातील सेंट मेरी चर्च १६८० मध्ये उघडले आणि तेव्हापासून त्याची नोंदवही चालू झाली. बंगाल सोडून चार्नॉक मद्रासला जाऊन राहिला असता, १९ ऑगस्ट १६८९ रोजी त्याच्या मेरी, एलिझाबेथ आणि कॅथरीन या तिन्ही मुलींचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला. मुली तान्ह्या नव्हत्या. थोरली तर पुढे लवकरच चार्ल्स आयरची पत्नी झाली. मग इतकी वर्षे बाप्तिस्मा का राहिला? बंगालमध्ये पाद्री नव्हता असे म्हणावे, तर हुगळीच्या वखारीस १६७८ पासून धर्मोपदेशक होता. तेव्हा अडचण पाद्र्याची नसावी, घराची असावी. आई जिवंत असेपर्यंत मुली तिच्या रीतीने वाढल्या आणि ती गेल्यावर बापाने, किंवा मद्रासच्या इंग्रज समाजाने, त्यांना चर्चमध्ये नेले, असा तर्क करता येतो. तो मान्य केला तर बाई १६८९ पूर्वीच वारली होती आणि हॅमिल्टनची कोलकात्याची कबर आणखीच धूसर होते. हा तर्क आहे, पुरावा नव्हे; परंतु उपलब्ध कागदांत सर्वांत कमी ओढाताण करून बसतो तो हाच.

चौथा कागद खुद्द चार्नॉकचे मृत्युपत्र. ते मृत्यूच्या आदल्या दिवशी केलेले आहे. त्यात मुली आहेत. शुश्रूषा करणारा वैद्य आहे, हिंदू नोकर आहेत, त्यांना दिलेल्या लहान लहान रकमा आहेत. पत्नीचा उल्लेख नाही. ती आधीच वारली असेल तर तिला काही ठेवण्याचा प्रश्न नव्हता, हे खरे. पण आपली कबर कोणाच्या शेजारी असावी याविषयी मरणारे लोक पुष्कळदा लिहितात. ज्याने म्हणे जन्मभर कोंबडे बळी दिले, त्याने हेही लिहिले नाही. १८९२ मध्ये हाइड नावाच्या पाद्र्यांनी घुमटीतील जमीन खणून पाहिली. त्यांना मानवी हाडे लागली. ती पुन्हा झाकण्यात आली.

आता नावाविषयी. कोलकात्याविषयीच्या पुष्कळ लिखाणात या बाईचे नाव ‘मारिया’ असे बेधडक दिलेले आढळते. ते आले कोठून? वर जी शिळा सांगितली, तीवर ‘मारिया’ हे नाव आहे खरे. पण ते जॉबच्या थोरल्या मुलीचे, चार्ल्स आयरच्या बायकोचे. मेरीचे लॅटिन रूप मारिया. बापाच्या नावाखाली एका स्त्रीचे नाव दिसले आणि वाचणाऱ्याने ती बायकोच असणार असे धरून चालले, असे घडले असण्याचा पुष्कळ संभव आहे. आईला मुलीचे नाव मिळाले. कादंबरीकारांनी तिला आणखीही नावे दिली; त्यांचा तो अधिकारच आहे.

आपल्याकडच्या कुलवृत्तांतांची पाने ज्यांनी उलटली आहेत, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. जुन्या वंशावळीत बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली नातू, अशी झाडाची वाढ सरळ चाललेली असते. मुली बहुधा गाळलेल्या आणि सुना आल्याच तर सासरच्या नावाने. त्र्यंबकेश्वरच्या किंवा गयेच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पाच-सहा पिढ्यांची नावे सापडतात, तीही मुख्यतः पुरुषांची. इंग्रजांची दप्तरे याहून नेटकी होती, यात शंका नाही. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नकला मद्रासहून १६९८ पासून, मुंबईहून १७०९ पासून आणि बंगालमधून १७१३ पासून लंडनला पाठविल्या गेल्या आणि आजही त्या तेथील ब्रिटिश ग्रंथालयात पाहावयास मिळतात. परंतु दप्तर कितीही नेटके असले तरी त्यात शिरण्यास एक दार असते, आणि येथे ते दार चर्चचे होते. जी बाई त्या दारातून आत गेली नाही, तिचा जन्म नाही, विवाह नाही आणि मृत्यूही नाही.

सेंट जॉन्सच्याच आवारात आणखी एक कबर आहे, तिच्याकडे जाता जाता पाहावे. फ्रान्सिस जॉन्सन, लोकांच्या तोंडी ‘बेगम जॉन्सन’, ही १८१२ मध्ये वारली. तिने चार नवरे केले. त्यांतला तिसरा, विल्यम वॉट्स, हा प्लासीच्या कारस्थानातील एक प्रमुख. या दोघांची मुलगी अमेलिया आणि अमेलियाचा मुलगा म्हणजे लॉर्ड लिव्हरपूल, जो १८१२ ते १८२७ अशी पंधरा वर्षे इंग्लंडचा पंतप्रधान होता. बेगम जॉन्सनची आई इसाबेला बेझोर ही पोर्तुगीज-हिंदी मिश्र वंशाची होती असे मानतात. म्हणजे नेपोलियनच्या पराभवाच्या काळी ज्याच्या हाती ब्रिटनची सूत्रे होती, त्याच्या रक्ताचा एक धागा कोरोमांडलच्या किनाऱ्याशी जुळतो. इसाबेलेचे निदान नाव तरी उरले. बाप्तिस्मा झालेल्या घरातली होती, एवढाच फरक.

चार्नॉकविषयी अलीकडच्या काळात जो वाद झाला तो त्याच्या संसाराविषयी नव्हे, तर त्याच्या कर्तृत्वाविषयी. कोलकाता शहर त्याने वसविले आणि २४ ऑगस्ट हा शहराचा वाढदिवस, असे शाळेच्या पुस्तकांतून शिकविले जाई. (ही तारीखही जुन्या पंचांगाची, आजच्या हिशेबाने ती ३ सप्टेंबर होते, याची दखल उत्सव करणाऱ्यांनी फारशी घेतली नाही.) सावर्ण रायचौधुरी या जुन्या जमीनदार घराण्याच्या मंडळींनी याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. कालिकाता हे नाव ‘आइने अकबरी’तही येते, गाव आधीच होते, त्याला संस्थापक कसला? मे २००३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने, तज्ज्ञ समितीचे मत घेऊन, शहराला कोणी एक संस्थापक नाही व कोणता एक वाढदिवसही नाही असा निर्णय दिला. याच रायचौधुरींकडून कंपनीने १६९८ च्या नोव्हेंबरात सुतानुटी, कालिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचा हक्क तेराशे रुपयांस घेतला. तेव्हा चार्नॉक जाऊन पाच वर्षे उलटली होती आणि बंगालचा कारभार त्या सुमारास त्याच्या जावयाच्या, चार्ल्स आयरच्या हाती होता. म्हणजे खरेदीखत पाहावयाचे तर शहराचा मान सासऱ्याकडून जावयाकडे जातो, आणि जावयाची बायको कोण, तर पाटण्याहून पळालेल्या त्या बाईची थोरली मुलगी. खरेदी झाली तेव्हा तीही हयात नव्हती.

शिळेचा काळा दगडसुद्धा मद्रासकडचाच, जेथे मुलींचा बाप्तिस्मा झाला. भूशास्त्रज्ञ टॉमस हॉलंड याने १८९३ मध्ये तो तपासला आणि तशा जातीच्या खडकाला चार्नॉकाइट असे नाव दिले. आज जगभरच्या भूशास्त्राच्या ग्रंथांत चार्नॉकचे नाव आहे ते अशा रीतीने.

मुलींपैकी मेरी आणि सर्वांत धाकटी कॅथरीन या दोघी ऐन तारुण्यात गेल्या. दोघींचीही नावे त्या घुमटीत आहेत. मधली एलिझाबेथ विल्यम बोरिज या व्यापाऱ्याची बायको झाली आणि कोलकात्यातच दीर्घायुषी ठरली. आईचा चेहरा, तिची भाषा, तिला घरात कोणत्या नावाने हाक मारीत, हे जाणणारी शेवटची व्यक्ती तीच. ती १७५३ मध्ये वारली. त्यानंतर तीन वर्षांनी सिराजउद्दौल्याने कोलकाता घेतले आणि वखारीत जे जुने कागद होते, त्यांतले बहुतेक नष्ट झाले.